मुरुडशेंग वेलीला लागत नाही

मा. संपादक साहेब,
नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती औषधांवर लेख आला होता, लेख चांगलाच होता, पण त्यात मुरुडशेंगेला 'रानवेल' म्हटलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून मोबाईलवरच टाईप करायलोय, चूकभूल माफ करा. मुरुडशेंग वेलीला लागत नाही हो. शेंगेला पीळ दिसतो म्हणून वेल वाटली असेल, पण ते झुडूप आहे, माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं वाढतं, पान खरखरीत, कडेला दाते आणि कूळ म्हणाल तर भेंडी-कापसाचं.

आमच्या जांबोटी भागात बांधावर, गायरानात, रस्त्याच्या कडेला कुठंही बघा. पावसाळ्यात फुलतं. ताजं फूल विटकरी लाल आणि शिळं झालं की निळसर राखाडी, त्यामुळं एकाच फांदीवर दोन जातीची फुलं आहेत की काय असं वाटतं. सकाळी शिंजीर पक्षी त्या लाल फुलात बाकदार चोच घालून मध पिताना दिसतो, शिळ्या फुलाकडं ढुंकून बघत नाही. मग शेंगा धरतात, हिरव्या, आणि थंडी सरता सरता वाळून तपकिरी होतात. एक शेंग म्हणजे खरं तर पाच, एकमेकीला पीळ घालून बसलेल्या, अगदी स्क्रूसारख्या. वाळली की पीळ थोडा सुटतो आणि बारीक बी गळतं.

पोटात मुरडा आला की मुरड पडलेली शेंग, असा जुन्या लोकांचा सरळ हिशोब. आमच्या आज्जीच्या गुटीच्या डब्यात हिरडा, वेखंड, जायफळ, मायफळ, हळकुंड यांच्यासोबत ही असायचीच, सहाणेवर आईच्या दुधात किती वेढे उगाळायचे ते पण ठरलेलं. आता आमच्या सूनबाईला डॉक्टरांनी सांगितलंय सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही द्यायचं नाही, तर डबा कपाटात आहे, आणि डॉक्टरांचं बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. आणि ते व्हॉट्सॲपवर फिरतंय ना, मुरुडशेंगेचा काढा घ्या शुगर गायब, त्याचे प्रयोग उंदरांवर झालेत. त्याच्या जीवावर गोळ्या बंद करू नका म्हणजे झालं.

पण लेखात अर्धीच गोष्ट आली. शेंग आज्जीची, तर साल आज्जाची. आज्जा या झुडपाला मुरुडशेंग कधीच म्हणाला नाही, तो म्हणायचा केवण. वर्ष-दीड वर्षाचे सरळ फोक कोयत्यानं तोडायचे, भारा बांधून ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचा, साल कुजून सैल झाली की ओढून काढायची, आपटून धुवायची, वाळवायची आणि ओसरीवर बसून मांडीवर वळायची. त्या वासानं आई त्याला घरात घेत नव्हती ते अजून आठवतंय. गुरांची दावी, भाताचे भारे बांधायला दोर, सगळं केवणीचं. नायलॉन आलं आणि ते बंद पडलं. मला स्वतःला चाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं की दाव्याची केवण आणि डब्यातली मुरुडशेंग एकच झाड! शेजारचे कन्नड मामा तर तिसरंच नाव सांगतात, येडमुरी, म्हणजे डावीकडं पिळलेली. भाषेवरून आपल्याकडं एवढं रामायण होतं, झाड तिन्ही नावांनी बांधावर गप उभं आहे.

गंमत सांगतो. परवाच्या जानेवारीत बेळगावात एका दुकानातून 50 रुपयांची मुरुडशेंग आणली, पुडी सोडून बघितली तर निम्म्या शेंगांत किडीचा भुगा. एसटीतून गावच्या फाट्यावर उतरलो आणि समोरच झुडूप, वाळक्या शेंगांनी लगडलेलं. बायको अजून हसते.

लिहायचं मुख्य कारण वेगळंच. आता 'झाडोरा साफ' म्हणून रस्त्याच्या कडेला आणि गायरानात जेसीबी फिरवायलेत. केवण कोयत्यानं कितीही तोडा, बुडातून परत फुटते, उलट नवे फोक सरळ आणि दोराला चांगले येतात, आज्जाची सगळी शेती त्यावर चालली. जेसीबी मात्र मुळासकट उपटतो, मग परत काही येत नाही, तिथं घाणेरी माजते. भीमगड अभयारण्यात आहे ते तिथं राहील, 2011 पासून त्याला संरक्षण आहे आणि तिथली शेंग आपण उचलायची पण नाही, ते ठीकच. पण गावाजवळची जी आहे ती आपलीच आहे की. रस्त्याला अडचण होत असेल तर छाटा, उपटू नका, एवढंच पंचायतवाल्यांनी कंत्राटदाराला सांगितलं तरी पुरे.

पुढच्या वेळी फोटो छापायचा असेल तर कळवा, मी काढून पाठवतो. आत्ता फुलं आणि हिरव्या शेंगा एकाच फांदीवर आहेत.

आपला,
एक जुना वाचक
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव