गंगाजळीच्या आकड्याशेजारी देण्यांचा आकडाही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परकीय चलनाच्या गंगाजळीची बातमी आपल्या अर्थविषयक पानावर नेमाने येते आणि साठा किती महिन्यांच्या आयातीला पुरेल एवढे सांगून संपते. त्याच साठ्यातून येत्या 12 महिन्यांत किती परकीय चलन देणे आहे, हे मात्र त्या बातमीत सापडत नाही. ते छापले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचा साठा 1997 च्या मध्यास 30 अब्ज डॉलरहून अधिक दिसत होता. बाट हे आपले चलन सावरून धरण्यासाठी तिने केलेल्या वायदे व्यवहारांचा, म्हणजे पुढच्या तारखेला डॉलर देण्याच्या करारांचा, बोजा सुमारे 23 अब्ज डॉलर असल्याचे ऑगस्टमध्ये, म्हणजे 2 जुलैला बाटचा दर बाजारावर मोकळा सोडून झाल्यावर, उघड झाले. एवढी मोठी रक्कम नजरेआड राहते कशी? समजा, बँकेने सोमवारी बाजारात 1 अब्ज डॉलर विकले आणि साठा तेवढ्याने घटला. मंगळवारी तिने स्वॅप करारात तेवढेच डॉलर विकत घेतले आणि तीन महिन्यांनी ते परत विकण्याची हमी दिली. शुक्रवारी जाहीर होणारा साठा मग मागच्या आठवड्याइतकाच भरतो. त्यात खोटे काहीच नसते, कारण डॉलर खरोखरच बँकेच्या खात्यात असतात. तीन महिन्यांनी ते कोणाला द्यायचे हेही ठरलेले असते, पण ती नोंद साठ्याच्या आकड्यात येत नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हा प्रकार.

गफलत जमेच्या बाजूलाही होते. दक्षिण कोरियाच्या मध्यवर्ती बँकेने साठ्यातले बरेचसे डॉलर आपल्याच देशातील बँकांच्या परदेशी शाखांत ठेवले होते, आणि त्या शाखांनी ते स्वतःची कर्जे फेडण्यात वापरल्यामुळे मागितल्याबरोबर परत मिळण्याजोगे राहिले नव्हते. नोव्हेंबर 1997 च्या अखेरीस साठा सुमारे 24 अब्ज डॉलर होता, वापरता येईल असा जेमतेम 7 अब्ज. श्रीलंकेच्या 2022 मधल्या साठ्यात चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेल्या स्वॅपचे सुमारे दीड अब्ज डॉलर मोलाचे युआन धरलेले होते, पण त्यांच्या वापराला अटी होत्या. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलेला वापरण्याजोगा साठा 5 कोटी डॉलरच्याही खाली होता.

आशियातील 1997 च्या त्या चलनसंकटानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 1999 मध्ये माहितीचा एक ठरावीक तक्ता तयार केला. त्यात साठ्यासोबत वर्षभरातली ठरलेली देणी एक महिन्यापर्यंतची, एक ते तीन महिन्यांची आणि तीन महिने ते वर्षभराची अशी मुदतवार द्यावी लागतात. वायदे व स्वॅप वेगळे दाखवावे लागतात, आणि दिलेल्या हमींसारखी, वेळ आली तरच द्यावी लागणारी देणीही स्वतंत्र विभागात येतात. आर्थिक माहिती प्रसिद्ध करण्याच्या निधीच्या मानकात सामील झालेले देश हा तक्ता दरमहा प्रसिद्ध करतात. म्हणजे माहिती कोणी दडवलेली नाही, फक्त ती वाचायला कोणी जात नाही.

अर्जेंटिनाचे माजी अर्थ-उपमंत्री पाब्लो गिडोट्टी यांनी सुचवलेली कसोटीही याच काळातली: नवे कर्ज अजिबात न मिळता एक वर्ष निभावता येईल एवढा साठा असावा. ती लावताना 'अल्पमुदतीचे कर्ज' या शब्दांपाशी फार घोळ होतो. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या रोख्याची परतफेड चार महिन्यांवर आली असेल, तर साठ्याच्या दृष्टीने ते अल्पमुदतीचेच देणे ठरते. मूळ मुदतीवरून केलेल्या वर्गवारीत मात्र ते दीर्घ मुदतीच्या रकान्यात बसून राहते. बातमीत आकडा देताना तो उर्वरित मुदतीचा आहे की मूळ मुदतीचा, एवढे तरी लिहायला हवे.

सगळी देणी एकाच वेळी अंगावर येत नाहीत, बहुतेक कर्जांचे नूतनीकरण होते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण नूतनीकरण होईल की नाही हे देणेकऱ्याच्या नव्हे, धनकोच्या हातात असते, आणि मेक्सिकोचे डॉलरशी जोडलेले अल्पमुदतीचे रोखे डिसेंबर 1994 मधल्या अवमूल्यनानंतर कोणी पुन्हा घ्यायला तयार नव्हते.

साप्ताहिक आकड्याखाली दोन ओळी पुरतील: एकीत वर्षभरात द्यायची परकीय चलनातील रक्कम, दुसरीत वायदे आणि स्वॅपची निव्वळ बाकी. तक्ता महिन्याने बदलतो, त्यामुळे चार आठवडे त्याच ओळी राहिल्या तरी आमची तक्रार नसेल.

आपला,
एक नियमित वाचक