आमच्या हॉटेलचा हिशेब मांडणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हॉटेल बंद झाल्यापासून जो तो बाबांना कारण विचारतो. कुणी म्हणतं चव बदलली, कुणी म्हणतं नजर लागली. लेकीने धंदा पुढे नेला नाही, असंही माझ्या कानावर आलं. खरं कारण तुम्ही आम्हाला उलगडून दाखवलंत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या रात्री तुम्ही कोऱ्या कागदावर 100 चौकोन आखलेत. हे एक बिल समजा, म्हणालात. जुन्या वह्यांप्रमाणे 35 चौकोन मालाचे, 30 पगारांचे. भाडं, गॅस, वीज जाऊनही बरेच उरत होते. मग शेवटच्या वर्षाचा कागद. माल 42, पगार 34, नव्या करारानंतरचं भाडं 16. गॅस आणि वीज भरेस्तोवर कागद संपला. तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "आणि तुमचा पगार?" बाबा काहीच बोलले नाहीत. इतकी वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून त्यांनी स्वतःचा पगार कधी धरलाच नव्हता. फ्रीज, शेगड्या, पंखे झिजत होते, त्यांचा घसारा, म्हणजे झिजेचा खर्चही कुणी मांडला नव्हता. म्हणजे हॉटेल अनेक वर्षं बाबांच्या अंगमेहनतीवर आणि जुन्या सामानावर चाललं होतं.

मी वाद घातला, की गर्दी तर असायची! तुम्ही प्रत्येक वाराची विक्री वेगळी काढून दाखवलीत. रविवारची रांग सगळ्यांच्या लक्षात राहते, पण मंगळवारी रिकाम्या टेबलांसाठीही भाडं आणि पगार तेवढाच. घरपोच ऑर्डरी वाढल्या याचा मला आनंद होता. त्यातले 25 चौकोन कमिशनचे निघाले, डबे-पिशव्यांचा खर्च वेगळाच, आणि त्यातली बरीच गिऱ्हाइकं आधी आमच्याकडेच येऊन बसणारी. जुन्या माणसांना दुखवायचं नाही म्हणून बाबांनी भाव वाढवले नाहीत. ती माणसं थकली, त्यांचं येणं कमी झालं. बाबांचे भाव मात्र तिथेच राहिले. यात बाबांचा चांगुलपणाच होता, असं मला अजूनही वाटतं.

सगळ्यात मोठे उपकार म्हणजे तुम्ही कर्ज काढू दिलं नाहीत. घर तारण ठेवायचं जवळपास ठरलं होतं. "आज थांबलात तर सगळ्यांचं देणं फिटेल, वर्षभराने नाही फिटणार," हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. बाबा तुमच्यावर चिडले, दोन दिवस फोन घेतला नाही. तरी तुम्ही आलात आणि देण्यांची यादी केलीत: आधी कामगार, मग कर, मग मालवाले.

शेवटच्या दिवशी आमच्या आचाऱ्यांनी पूर्ण पगार मोजून घेतला आणि बाबांना मिठी मारली. कुणाचं देणं बुडालं नाही. बाबा आता रात्री झोपतात.

यादीत सर्वांत खाली तुम्ही स्वतःची फी लिहिली होतीत. ती तेवढीच राहिली आहे, काका. पाकीट तयार आहे. ते न्यायला तरी घरी या. बाबांना तुमच्यावर चिडल्याबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलायचंय.

तुमची लेकीसारखी