फ्लेवर्ड चहा चाखायचाय? मग शेजारी एक साधा कपही ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्लेवर्ड चहांवरचा लेख वाचला, फोटो तर फारच भारी आलेत, पण नवख्या माणसाला चाखायचं कसं हे त्यातून काही कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सल्ला काय दिलाय, तर वेगवेगळ्या फ्लेवर्सचा सॅम्पलर पॅक आणा आणि एकेक करून पीत जा. आता असं केलं की होतं काय, पाकिटावर पीच लिहिलंय म्हणून पीच लागतं, लिंबू लिहिलंय म्हणून लिंबू लागतं, म्हणजे आपण पाकिटावरचं नावच चाखत बसतो आणि खालचा चहा कसा होता हे कोणी विचारलं तर सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की एका वेळी दोन कप करा. एक फ्लेवरवाला आणि एक त्याच जातीच्या चहाचा बिनफ्लेवरचा. दोन्ही कोरे, दूध साखर काही नाही.

अर्ल ग्रेचंच घ्या ना, सुरुवातीला हाच सोपा. हा म्हणजे साधा ब्लॅक टी, त्यात बर्गामॉट नावाच्या फळाच्या सालीचं तेल मिसळलेलं असतं. बर्गामॉट संत्र्यालिंबाच्या घराण्यातलं, मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रिया भागात पिकतं. नुसता अर्ल ग्रे प्यायलात तर "लिंबासारखं काहीतरी" यापलीकडे बहुतेकांची गाडी जात नाही. पण शेजारच्या साध्या ब्लॅक टीचा घोट घेऊन लगेच याचा घ्या, मग जे जास्तीचं आहे ते वेगळं काढता येतं. आधी सालीचा वास येतो, आणि मागून फुलांकडे झुकणारा, थोडा अत्तरासारखा. हे उगाच वाटत नाही बरं का. लिनालूल नावाचा जो सुगंधी घटक बर्गामॉटच्या तेलात आहे तोच लॅव्हेंडरमध्येही आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द चहाच्या पानातही थोडा असतो, दोघांचं इतकं छान जमतं त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट नाकाची, आणि ही लेखात यायलाच हवी होती. नाक चिमटीत घट्ट धरा, घोट घ्या, तोंडात फिरवा. पीच टी असेल तर पीच गायब! राहतो फक्त कडवटपणा आणि तुरटपणा. मग नाक सोडा, की घशाच्या मागून वास वर चढतो आणि पीच एकदम हजर. म्हणजे ज्याला आपण पीचची चव म्हणतो ती जिभेवर नव्हतीच, सगळा कारभार नाकाचा. आता हेच जास्वंदीच्या चहावर करून बघा (तो रेड फ्रूट, बेरी वगैरे नावाच्या मिक्समध्ये रंगासाठी आणि आंबटपणासाठी सर्रास घालतात), नाक बंद असलं तरी आंबट लागतोच, कारण आंबट ही जिभेची चव आहे. बेरी टी आंबट लागला म्हणून त्यात बेरी भरपूर आहेत असं समजायची गरज नाही, बऱ्याचदा ते काम जास्वंदीचं असतं. एवढी एक चाचणी केली तरी वर्णनातला निम्मा गोंधळ संपतो.

कडू आणि तुरट यातही गल्लत होते. कडूपणा जिभेला कळतो, तुरटपणा हा स्पर्श आहे. चहातले पॉलिफेनॉल्स (पानातले तुरट घटक) लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि घोट गिळल्यावर जीभ टाळूला लावली की खरखरीत लागते. घोट गिळून थोडं थांबा आणि जीभ फिरवा, कळेल. ग्रीन टीवर उकळतं पाणी ओतलं तर हे फारच वाढतं आणि त्याखाली नाजूक फ्लेवर पार दबून जातो, म्हणून ग्रीन टीला साधारण ७० ते ८० अंशांचं पाणी बरं. कित्येक लोक जस्मिन टी (मोगऱ्यासारख्या फुलांचा वास दिलेला, बहुतेकदा ग्रीन टीच) कडू म्हणून सोडून देतात, चहा बिचारा बरा असतो, पाणी जास्त तापलेलं असतं.

आणि दोन्ही कपांना पत्ती, पाणी, वेळ अगदी सारखी ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थच नाही. चहा चाखण्यासाठी कसा करायचा याचं चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० मध्ये आलं. १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, ६ मिनिटं. प्यायला तो फार कडक होतो, पण त्याचा उद्देश चांगला लागावा हा नाहीच, दोष आणि फरक उघडे पडावेत हा आहे. घरी ३ मिनिटं पुरे. थोडा निवू द्या, जीभ भाजल्यावर कसली चव आणि कसलं काय. मग चमच्याने जोरात भुरका मारा, लाजू नका, व्यावसायिक टी टेस्टर तसेच भुरके मारतात, त्याने चहाचे थेंब हवेसोबत तोंडभर उडतात आणि वास नाकाकडे जातो. ते नंतर थुंकतात कारण त्यांना दिवसाला ढिगाने कप चाखायचे असतात, आपल्याला थुंकायची काही गरज नाही.

जस्मिनबद्दल लेखात "फुलं घातलेला चहा" असं आलंय, त्यात थोडी भर. चीनमधल्या फूचौच्या पारंपरिक पद्धतीत मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या दिवसा तोडतात, त्या संध्याकाळनंतर उमलायला लागल्या की चहात मिसळून ठेवतात, पत्ती रात्रभर वास शोषते, मग फुलं वेगळी काढतात आणि परत नव्या फुलांबरोबर हेच, उत्तम मालाला बऱ्याच रात्री. म्हणजे पाकिटात फुलं खूप दिसली म्हणून माल भारी असं नाही, काम झालेली फुलं बहुतेक काढूनच टाकलेली असतात. स्वस्तातला प्रकार म्हणजे वरून इसेन्स मारलेला. ओळखायचं कसं, तर तीच पत्ती दुसऱ्यांदा भिजवा, वरून मारलेला वास बहुतेक वेळा पहिल्याच पाण्यात निघून जातो. लेखिकेने दुसरं पाणी घेतलंच नाही असं दिसतं.

याच्या उलट दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या तोडणीचा चहा. त्यात द्राक्षासारखा, मस्कटेल म्हणतात तो वास येतो आणि नवखा माणूस हमखास म्हणतो की फ्लेवर घातलाय. काहीही घातलेलं नसतं. बारीक किडे पानाचा रस शोषतात, झाड त्याला उत्तर म्हणून काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, त्यातून हे येतं. म्हणून तर म्हणतोय साधा चहा आधी ओळखीचा करून घ्या!

रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतलं एक झुडूप) आणि कॅमोमाइल (एक फूल) मात्र लेखातल्या यादीत का घेतले कळलं नाही, ती चहाची झाडंच नाहीत, त्यांना आपला साधा कप शेजारी ठेवून उपयोग नाही.

राहता राहिलं वर्णन. "वुडी, फ्लोरल, मधाळ" हे शब्द लेखात इतक्या वेळा आलेत की सगळे चहा एकच वाटायला लागले. नवख्याने पाकीट दुसऱ्या कोणाला लपवायला सांगावं आणि जे डोक्यात येईल ते लिहावं, ओलं गवत, पेन्सिलचं टोक, काहीही. लॅप्सँग सूचाँग या चिनी ब्लॅक टीला "जळक्या लाकडाचा वास" म्हटलात तर ते शंभर टक्के बरोबर आहे, तो पाइनच्या धुरावरच वाळवतात. मग पाकीट वाचा. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तरी लगेच आपलं खोडू नका, पाकिटावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी असा लेख छापाल तर प्रत्येक चहाखाली मूळ चहा कोणता, पाणी किती तापवलं आणि किती मिनिटं ठेवला एवढी एक ओळ नक्की द्या, फोटो एखादा कमी झाला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक