विषय: विमानाच्या काउलिंगला लावलेलं उष्णतारोधक फॉइल पहिल्याच चाचणीत सुटल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्याकडून गोंद लावलेल्या उष्णतारोधक फॉइलचा रोल घेतला. बिल ४,८०० रुपये, प्रत सोबत जोडली आहे.

मी आणि माझा मित्र चार वर्षं एका शेडमध्ये दोन आसनी विमान बांधतो आहोत. इंजिन रोटॅक्स ९१२, काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, ग्लास फायबर आणि इपॉक्सीचं. एक्झॉस्टचा पाइप खालच्या काउलिंगपासून जेमतेम तीन बोटांवरून जातो. सिलिंडरमधून निघणारा वायू ८०० अंशांच्या घरात असतो आणि साध्या हवेत सुकवलेलं इपॉक्सी ६०-७० अंशांनाच मऊ पडू लागतं. तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५५० अंश सेल्सिअस’ वाचलं आणि आम्ही निर्धास्त झालो.

मागच्या रविवारी इंजिन पंधरा मिनिटं जमिनीवरच चालवलं आणि बंद केलं. पंखा थांबला की आतली हवा खेळायची थांबते, पाइप मात्र तापलेलाच असतो. काउलिंगला खरा चटका तेव्हा बसतो. अर्ध्या तासाने काउलिंग उतरवलं तर हातभर फॉइल लोंबत होतं आणि त्याचा कोपरा पाइपला टेकून काळा पडला होता. गोंदाचा तपकिरी पाक झाला होता, बोट लावलं की तार निघत होती. काउलिंगला आतून तळहाताएवढा पिवळट डाग पडलाय आणि तिथे फोड आलाय.

फोन केला तर तुमच्या माणसाचं पहिलं उत्तर, ‘पृष्ठभाग नीट पुसला नसेल.’ तुमच्याच सूचनापत्रकाप्रमाणे दोनदा पुसला होता. खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं की ५५० अंश हा आकडा फॉइलच्या काचेच्या कापडाचा आहे. गोंद अ‍ॅक्रिलिकचा, तो १५० अंशांच्या पुढे टिकत नाही. मग हे खोक्यावर का नाही? फॉइल काउलिंगला धरून ठेवतो तो गोंदच! हाच तुकडा हवेत सुटून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसला असता तर इंजिन घुसमटलं असतं. त्या विचाराने मला दोन रात्री झोप लागलेली नाही.

आता आम्ही स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा, मध्ये हवेची फट ठेवून, थेट पाइपलाच क्लॅम्पने बसवतो आहोत. तिथे गोंदाचा प्रश्नच येत नाही.

रोलचे पैसे आणि काउलिंग दुरुस्तीचा खर्च मला मिळाला पाहिजे. त्याहून महत्त्वाचं, गोंदाची मर्यादा खोक्यावर छापा आणि इंजिनाच्या कामासाठी हा रोल नेलेल्या प्रत्येक ग्राहकाला आजच कळवा. कुणीतरी तो लावून उडतही असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सुटलेला तुकडा जपून ठेवला आहे. तुमच्या तंत्रज्ञाला पाहायचा असेल तर कोणत्याही रविवारी शेडवर पाठवा.

आपला,
एक ग्राहक