विषय : साडेबाराशे रुपयांत चाळीस मिनिटांचा पन्हाळा

प्रति,
व्यवस्थापक साहेब,

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरला माझा सातवा फोन झाला. फोन ठेवल्यावर पाचव्या मिनिटाला तुमचा मेसेज आला : ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ कुणाचं समाधान झालं ते मेसेजमध्ये नव्हतं, म्हणून हे पत्र.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. भाऊबीजेला आलेली माझी बहीण, मेहुणे, त्यांची दोन मुलं आणि आमच्या घरचे पाच असे आम्ही नऊ जण. माणशी १२५० प्रमाणे ११,२५० रुपये आगाऊ भरले. यातली भाची चार वर्षांची आहे. तिचंही पूर्ण तिकीट घेतलंत आणि ती दोन्ही वेळा आईच्या मांडीवर बसून आली. पॅकेज कोणतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या ऑफिसच्या काचेवर अजून तेच चिकटवलेलं आहे. जूनमध्ये ते साडेनऊशेला होतं. जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात आपला पन्हाळा आला आणि तुमचा दर तीनशेनं वर गेला. वारसा महाराजांचा आणि वाढ तुमची. असो.

गाडी सकाळी आठला येणार होती, ती नऊ चाळीसला आली. तेवढं चालतं, आम्ही काय पुण्याचे नाही. (गाडीत सहा जण पुण्याचे होते, त्यांना ते चाललं नाही. ते त्यांचं ते बघतील.) पण शिवाजी पूल ओलांडून गाडी रत्नागिरी रस्त्याला लागते न लागते तोच बाजूला घेतली. कशाला, तर कोल्हापुरी चपलांच्या शोरूमला!

साहेब, आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या पायात त्या दिवशी कोल्हापुरी होती. वडिलांच्या पायातली तर सुभाष रोडवरून घेऊन चौदा वर्षं झाली, दोनदा तळ बदललाय. आम्हाला कोल्हापुरी चप्पल कशी ओळखावी हे तिथल्या मुलानं पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं. शेजारी गुळाचं दुकान. तिथंही उतरवलं. आम्ही गुऱ्हाळाच्या वासात वाढलेली माणसं, आम्हाला गुळाचा खडा चाखायला देऊन ‘सेंद्रिय आहे सर’ म्हणून सांगितलं. सगळं मिळून एक तास दहा मिनिटं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग वाघबिळाचा घाट आणि गड. गडावर आम्हाला मिळाली चाळीस मिनिटं.

एवढी आम्हाला का बोचली, ते सांगतो. माझ्या भाच्यानं, वय वर्षं दहा, या दिवाळीत आमच्या अंगणात किल्ला केला होता. दरवर्षी सगळी पोरं करतात तसा, चिखल-दगडाचा, वर आळीव पेरलेलं. पण यंदा त्यानं हट्टानं पन्हाळाच केला. माझ्या वडिलांना समोर बसवून, वहीत आकृती काढून. तीन काडेपेट्यांचं अंबरखाना, म्हणजे गडावरची धान्याची कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं लिहून. पैकी गंगा मोठ्या घरगुती काडेपेटीची, कारण खरी गंगा कोठीच सगळ्यात मोठी, पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं आजोबांनी सांगितलेलं. एका कडेला सज्जा कोठी म्हणून साबणाचा खोका. पाठीमागं राजदिंडी, म्हणजे महाराज वेढ्यातून निसटले ती वाट, म्हणून काडीनं पाडलेलं एक भोक, आणि त्यातून बाहेर पडणारी सुतळी. ती सुतळी पार तुळशीवृंदावनापर्यंत, म्हणजे विशाळगडापर्यंत नेलेली. ‘मामा, आता खरा कधी बघायचा?’ एवढंच तो तीन दिवस विचारत होता. गाडी गॅरेजमध्ये होती, वडिलांचे गुडघे दुखतात, एसटीनं नऊ जण चढवायचे म्हणजे कसरत. म्हणून तुमचं पॅकेज घेतलं. पत्रकावर ‘गडावरील सर्व प्रमुख वास्तू, अनुभवी गाईडसह’ असं छापलंय. माझ्याकडं ते पत्रक आहे.

आता सर्व प्रमुख वास्तू. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो, सहा मिनिटं. तीन दरवाजा. अंधारबाव. संपलं. अंबरखाना गाडीच्या खिडकीतून ‘ते बघा गोडाऊन’ म्हणून दाखवलं. सज्जा कोठी नाही. राजदिंडी नाही, पुसाटी बुरूज नाही, वाघ दरवाजा नाही. सात किलोमीटरच्या वर तटबंदी असलेला गड तुम्ही चाळीस मिनिटांत उरकला. १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केलं तेव्हा इंग्रजांनी इथला चार दरवाजा जमीनदोस्त केला. पाडायला आलेले इंग्रजसुद्धा गडावर तुमच्यापेक्षा जास्त वेळ थांबले असणार.

तुमचा अनुभवी गाईड. तीन दरवाजाच्या कमानीखाली उभा राहून तो म्हणाला, ‘याच दारात बाजीप्रभूंनी शत्रूला रोखलं.’ माझे वडील निवृत्त मास्तर. बत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय. ते हळूच म्हणाले, ‘अहो, ती घोडखिंड. विशाळगडाच्या वाटेवर. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून इथून निघाले, बाजीप्रभू पुढं खिंडीत लढले. इथं नाही.’ त्यावर तुमचा गाईड सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आजोबा, गाईड मी आहे का तुम्ही?’ पुण्याचे सहाही हसले. वडील हसले नाहीत. रागावलेही नाहीत. गप्प बसून राहिले, हे जास्त वाईट. शिवा काशीदांचं नाव तर त्या दिवशी गाईडच्या तोंडून आलंच नाही. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा माणूस महाराजांचा वेष घालून पालखीत बसला, शत्रूच्या हाती सापडला आणि मेला, आणि तुमच्या पॅकेजमध्ये त्याला एक वाक्य नाही.

अंधारबावीचं सांगतो, कारण त्या दिवशी फक्त तिथंच गडाची भेट झाली. गाईड ‘आत अंधार आहे, काही नाही बघायला’ म्हणून बाहेरच विडी ओढत बसला. वडिलांनी नातवाचा हात धरला आणि गुडघे दुखत असताना उतरले. अरुंद, वळणाच्या पायऱ्या, भिंतीला हात लावला की ओला लागतो. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत एकदम गार, मातीचा आणि शेवाळाचा वास. वडील त्याला सांगत होते, पाणी असं लपवून का ठेवायचं, तर वेढ्यात शत्रूनं विष घालू नये म्हणून. भिंतीतले हे कोनाडे पहारेकऱ्यांचे, आणि सगळा गड पडला तरी एवढा एक भाग वेगळा लढू शकावा अशी ही रचना. भाचा वहीत लिहून घेत होता, मोबाईलच्या उजेडात. आणि वरून गाडीचा हॉर्न. एकदा, दोनदा, मग थांबेचना. वडील अर्धं वाक्य सोडून वर आले. वर आल्यावर गाईडनं घड्याळ दाखवलं, ‘जेवणाला उशीर होतोय.’

जेवण! पत्रकावर ‘गडावरची पिठलं-भाकरी’ असं लिहिलंय, शेजारी चुलीचा फोटो आहे. गडावर बायका चुलीवर भाकरी थापत बसल्या होत्या, त्यांच्यासमोरून गाडी नेली आणि घाट उतरून खालच्या एका हॉटेलात नेलं. तिथं पनीर, आणि पोरांना शेजवान नूडल्स. पिठलं मागितलं तर वेटर म्हणाला, ‘ते आमच्यात नाही मिळत.’ ठेचा मागितला तर टोमॅटो सॉस आणून ठेवला. चाळीस मिनिटांचा गड आणि पाऊण तासाचं पनीर. चाळीस मिनिटं हे मी वर लिहिलंय, तरी पुन्हा लिहितो. चाळीस.

एवढं सगळं होऊन मी कदाचित गप्प बसलो असतो. कोल्हापूरचा माणूस पैसे गेल्याचं दुःख चार दिवसांत मिसळीत बुडवतो. पण तुमच्या फोनवर जे ऐकलं ते बुडत नाही. कॉल रेकॉर्ड होतोय असं तुमचंच यंत्र सांगतं, तेव्हा कालचा कॉल काढून ऐका. साधारण पावणेतीनचा.

मी सांगितलं, अंबरखाना दाखवलं नाही. पलीकडून टाईप केल्याचा आवाज, मग, ‘सर, रेस्टॉरंटमध्ये बदल होऊ शकतो, असं अटींमध्ये नमूद आहे.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तुमच्या बाईंना अंबरखाना हे हॉटेलचं नाव वाटलं. पन्हाळ्याचं पॅकेज विकणाऱ्या कंपनीत! मी शांतपणे सांगितलं, ताई, ते धान्याचं कोठार आहे, आदिलशाहीच्याही आधीपासून गड आहे, शिलाहार राजा भोजानं बांधलेला. त्या म्हणाल्या, ‘ओके सर, म्हणजे जुनं आहे.’ होय, म्हटलं, जुनं आहे. ‘सर, पण ते सगळं पडलेलंच आहे ना? मग एक दाखवलं काय नि सगळी दाखवली काय.’

मी दहा सेकंद काही बोललो नाही. रेकॉर्डिंगमध्ये ती दहा सेकंदं असतील, मोजा. मग त्यांना वाटलं मला पटलं, आणि जास्त मनमोकळं होऊन त्यांनी विचारलं, ‘सर, तुम्ही कोल्हापूरचेच ना? मग तुम्हाला पन्हाळा बघायला पॅकेज कशाला लागतं?’

हे वाक्य मी कालपासून चाळीस वेळा मनात म्हटलंय. बायकोला ऐकवलं, शेजाऱ्यांना ऐकवलं, आज सकाळी दूध घालायला येणाऱ्यालाही ऐकवलं. साहेब, पैसे घेताना मी पर्यटक. चपलांच्या शोरूममध्ये एक तास दहा मिनिटं मी पर्यटक. (म्हटलं होतं ना, आकडा लागेल.) आणि परतावा मागितला की मी कोल्हापूरचा! मग दर दोन ठेवा ना. ‘कोल्हापूरकरांना गड दाखवला जाणार नाही’ अशी पाटी लावा, आम्ही आपले रिक्षा करून जाऊ. पंधरा मिनिटं होल्डवर सनई ऐकवून शेवटी तुम्ही मला गोव्याच्या सहलीवर दोनशे रुपयांची सूट दिलीत. पन्हाळ्याचं दुखणं आणि गोव्याचं मलम. नादखुळा सेवा आहे.

वाईट याचं वाटतं की दहा वर्षांपूर्वी तुमची एकच गाडी होती तेव्हा आईला मी तुमच्याकडूनच पंढरपूरला पाठवलं होतं. तेव्हा चालक म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचा. आता तुमच्याकडं ॲप आहे.

तर मागणी अशी. ११,२५० मधून येण्या-जाण्याचं रास्त भाडं वजा करा, बाकी पैसे परत करा. चार वर्षांच्या मुलीचं तिकीट पूर्ण परत. आणि वडिलांची लेखी माफी, तुमच्या सहीची, छापील नको. पंधरा दिवसांत यातलं काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाणार. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तिथं फी लागत नाही, हे मी बघून ठेवलंय. वेळही भरपूर आहे. वडील निवृत्त आहेत आणि तारखेला यायला एका पायावर तयार आहेत, गुडघे दुखत असले तरी. न्यायाधीशांना अंबरखाना म्हणजे काय ते तेच समजावून सांगतील.

बुकिंगची पावती, पत्रक आणि अंधारबावीबाहेर विडी ओढणाऱ्या गाईडचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला, अजून तरी ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. चालकाला यात ओढू नका. हॉर्न त्यानं गाईडच्या सांगण्यावरून वाजवला, आणि वडील धापा टाकत वर आले तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली त्यानंच दिली.

दुसरं, मागून तिसऱ्या सीटखाली भाच्याची वही राहिलीय. निळं कव्हर, वर ‘पन्हाळा’ लिहिलंय. सातही फोनवर मागितली. सहा वेळा ‘चेक करून सांगतो’ आणि एकदा ‘वही म्हणजे सर, कोणती वही?’ बाकीचं आयोगात बघू, पण ती वही कुरियरनं पाठवा. अंगणातला किल्ला त्यानं अजून मोडू दिलेला नाही, सज्जा कोठीच्या आतली बाजू वहीत बघून करायची राहिलीय म्हणतो.