कुठल्या तोंडाने जाऊ, असं विचारणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. चर्चच्या मंडळीत जाणं कसं कमी होत गेलं, प्रार्थना कधी सुटली, हे सगळं तू मोकळेपणाने लिहिलंस. पण माझं मन अडकलं ते एका वाक्यात : "आता कुठल्या तोंडाने देवासमोर जाऊ? मागच्या वेळीही हेच म्हणालो होतो." बाकीचं आपण भेटल्यावर बोलू. आज एवढ्यावरच लिहितो.

एक गोष्ट तुझी मला पटते. स्वतःच्या शब्दावर तुझा भरवसा उरलेला नाही, आणि तो नसणंच बरं. संदेश ऐकून डोळे भरून आले की तू प्रभूला नवं वचन द्यायचास : आता रोज पहाटे उठेन, आता ते पुन्हा कधीच करणार नाही. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढावं, तसं ते होत गेलं. शेवटी तू वचन देणं थांबवलंस, आणि त्याच्याबरोबर प्रार्थनाही थांबली.

पण आपला देवाशी असलेला संबंध आपण दिलेल्या वचनांवर उभा आहे, असं शास्त्रात कुठे आहे? गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल जवळजवळ रागावूनच विचारतो, की आत्म्याने आरंभ करून आता देहाने शेवट करायला निघालात काय? तारण कृपेने आणि पुढची वाटचाल आपल्या हिमतीवर, ही वाटणी आपली आहे, प्रभूची नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय, आपण आपली पापं पदरी घेतली तर देव क्षमा करतो, कारण तो विश्वासू आणि न्यायी आहे. वधस्तंभावर किंमत चुकती झालेली असल्यामुळे क्षमा करणं त्याच्या न्यायाला धरूनच आहे. तुला या वेळचा पश्चात्ताप कितपत खरा आहे अशी शंका येते. तू किती रडलास यावर क्षमा अवलंबून असती, तर आपल्यापैकी कोण वाचलं असतं?

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट तू तरुण संघात किती वेळा शिकवली असशील! तरी लूकच्या शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायात पुन्हा बघ. कोंबडा आरवण्याआधी पेत्राने तीनदा "मी येशूला ओळखत नाही" म्हटलं, पण त्याच्याही आधी प्रभू त्याला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. कोंबडा अजून आरवायचा आहे. पेत्र अजून छातीठोकपणे "तुझ्याबरोबर मरायलाही तयार आहे" म्हणायच्या बेतात आहे. आणि प्रभूने त्याचं पडणं, त्याचं वळणं आणि वळल्यानंतरचं कामसुद्धा आधीच बोलून ठेवलंय. इब्रीकरांस पत्रात लिहिलंय की तो आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे. तू प्रार्थना करत नव्हतास त्या सगळ्या काळातही तो तुझ्यासाठी करत होता. माझ्या मते तू भरवसा ठेवायचा तो यावर.

मात्र आज मला पेत्रापेक्षा मार्कची आठवण जास्त येते, कारण तुझं दुखणं त्याच्या दुखण्याच्या जवळचं आहे. पेत्र एका रात्री कोसळला. मार्क कामातूनच मागे फिरला. घर किती चांगलं होतं त्याचं! आई मरीया, आणि तिच्या घरी यरुशलेमेत मंडळी प्रार्थनेला जमायची. तुरुंगातून सुटलेला पेत्र ज्या दारावर थाप मारतो, ते हेच घर. मार्क बर्णबाचा नातलग होता. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा सुवार्ता सांगायला पहिल्या फेरीवर निघाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. कुप्र बेट पार करून ते पंफुल्यातल्या पिर्गा इथे पोचले आणि तिथून तो यरुशलेमेला परत गेला. का गेला, ते ही हकिकत प्रेषितांच्या कृत्यांत लिहिणारा लूक सांगत नाही. पुढच्या फेरीच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला घेऊ या. पौल म्हणाला, मध्येच सोडून गेलेल्याला नको. वाद इतका वाढला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पौल सीला नावाच्या दुसऱ्या सोबत्याला घेऊन गेला. बर्णबाने मार्कला बरोबर घेतलं आणि तो पुन्हा कुप्रालाच गेला.

बर्णबाबद्दल आपण फार कमी बोलतो, असं मला नेहमी वाटतं. आधी मंडळीचा छळ केलेल्या आणि आता दमास्कसहून आलेल्या पौलावर यरुशलेमेत कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन जाणाराही हाच.

यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत मार्कचं नाव येत नाही. बरीच वर्षं जातात. त्या वर्षांत काय झालं, कोण त्याच्याशी कसं वागलं, काहीच लिहिलेलं नाही. आणि मग कलस्सै गावच्या मंडळीला पौल बंदिवासातून लिहितो : मार्क माझ्याबरोबर आहे, तो तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा. शेवटी, मरण समोर दिसत असताना, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात : मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. ज्याने नको म्हटलं होतं, तोच आता बोलावून घेतो.

आणखी एक. मंडळीच्या जुन्या परंपरेनुसार मार्कने आपलं शुभवर्तमान पेत्राकडून ऐकलेल्यावरून लिहिलं. रिकाम्या कबरेजवळ तो पांढऱ्या झग्यातला तरुण स्त्रियांना सांगतो, की त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला जाऊन सांगा. पेत्राचं वेगळं नाव त्या निरोपात एकट्या मार्कनेच नोंदवलंय. मागे फिरलेल्या माणसाने ते किती जपून लिहिलं असेल!

म्हणून घाई करू नकोस. तू लिहितोस की परत यायचं तर पहिल्यासारखा आवेश हवा. कुणी सांगितलं? यरुशलेम पडलं, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास, मंदिर जळलं, लोक बाबेलला नेले गेले. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे आपण उपासनेत आनंदाने म्हणतो ते वचन त्या राखेतलं आहे. विलापगीताच्या अगदी मधल्या अध्यायात ते येतं आणि त्याच्यानंतरही विलाप चालूच राहतो. रडणं थांबलेलं नसताना त्या माणसाने देवाच्या विश्वासूपणाला धरलं. तुझ्याही मनात काही दिवस कोरडेपणा राहील. तो राहिला म्हणून प्रभू आला नाही, असं समजू नकोस.

केलेल्याचे परिणाम मात्र राहतील. पाप कबूल करणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने क्षमेचा निरोप तिथल्या तिथे दिला, तरी त्याच्या घरातलं दुःख टळलं नाही. तू ज्यांना दुखावलंस त्यांचा विश्वास परत यायला वेळ लागेल आणि तो वेळ त्यांना दे. ज्याचं जे देणं आहे ते दे. फक्त क्रम उलटा करू नकोस. येशू जकातदार जक्कयाच्या घरी आधी गेला, लोकांकडून लुबाडलेलं चौपट परत करायची गोष्ट नंतर निघाली. सगळं निस्तरून मग देवाकडे जाईन म्हणशील तर तू कधीच जाणार नाहीस.

आता थोडं सांगतो, ते ऐक. आज रात्री ५१वं स्तोत्र मोठ्याने वाच. दावीद तिथे शुद्ध हृदय देवाकडे मागतो, आपण ते तयार करून आणीन असं म्हणत नाही. तूही माग. कुठलंही नवं वचन देऊ नकोस. जे केलंस ते त्याच्या नावानिशी सांग आणि क्षमा झाली असं धरून झोप. वहिनींना अजून पूर्ण सांगितलं नसशील, तर उद्या त्यांना आधी सांग, मग पाळकांना. तरुण संघाचं काम सध्या मागू नकोस. दिलं तरी थोडे दिवस मागच्या बाकावर बसून नुसतं वचन ऐक. प्रभुभोजनाच्या रविवारी घरी बसायची तुला सवय झालीय, ती मोडायची. आपण अपात्र आहोत हे कळलेल्यांसाठीच ते मेज आहे, पण कबुली आधी देऊन ये.

शनिवारी रात्री मी फोन करतो. सांगण्यासारखं काही नसलं तरी उचल. आपण दोघं मिळून ते स्तोत्र पुन्हा वाचू आणि तुला शब्द सुचले नाहीत तर त्या दिवशी प्रार्थना मी करीन.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

ख्रिस्तात तुझाच,
मित्र