खराटा काढून घेतलात, त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

येऊरपर्यंत भर उन्हात दुचाकीवर आलात आणि पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत, म्हणून निदान हे पत्र.

आमचा राजहंस माणसांच्या अंगावर धावून यायचा, त्यावर तुमच्याआधी आलेल्यांची निदानं झटपट होती. एक म्हणाले, "नर माजलाय, देऊन टाका." दुसऱ्यांनी, दारावर डॉक्टरकीची पाटी असूनही, फाटकाबाहेरूनच गुंगीचं औषध लिहून दिलं. राजहंसाकडे नीट पाहिलं कुणीच नाही. तुम्ही आत आलात ते माळीदादांच्या हातातला खराटा हळूच काढून घेत, आणि तो दाराआड ठेवून दिलात. कुणाला बोल नाही, उपदेश नाही.

उगारलेला खराटा म्हणजे नराच्या लेखी भांडणाचं आमंत्रण, हे नंतर समजावलंत. पाठ फिरवून पळालं तर आपण जिंकलो असं त्याला वाटतं, आणि पुढच्या वेळी तो आणखी लांबून धावत येतो. तोंड त्याच्याकडे ठेवून जागेवर उभं राहायचं, मग सावकाश तिरकं सरकायचं. तरी अंगावर आलाच तर दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलायचं, त्याचं तोंड मागे येईल असं काखेत धरायचं, पायांखाली हात द्यायचा. मान किंवा पंख धरून उचलायचं नाही. धडपड थांबली की मगच खाली सोडायचं. धडपडताना सोडलं तर तो तेच शिकतो.

मानेची खूण तर आता घरातली मुलंही ओळखतात. मान उंच नि ताठ असली की नुसता पहारा. मान खाली ताणलेली, चोच सरळ आपल्या रोखाने आणि फुत्कार, म्हणजे ताकीद. त्यात मानेची पिसं थरथरली की चावा ठरलेला. मान तशीच ताणलेली, पण चोच आपल्याला चुकवून तिरकी जाते आणि मोठ्याने कलकलाट होतो, तेव्हा ते स्वागत असतं. बिचाऱ्याने प्रेमाने घातलेल्या हाकांनाही लोक दगड उचलतात! प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी करड्या हंसांचं असलंच वागणं वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. तुम्हाला तर कुणी धड खुर्चीही दिली नव्हती.

आंब्याखाली मादी खुडूक बसलीय, हे तुम्हीच दाखवलंत. उबवणीचे साधारण २८ ते ३२ दिवस नर राखण करणारच. पाण्याची बादली घरट्यापासून लांब हलवली, त्यामुळे पाणी भरणाऱ्याला त्याच्या हद्दीत शिरावं लागत नाही. तीही डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल इतकी खोल घेतली आहे, नाहीतर नाकपुड्या चोंदतात, डोळे चिकटतात. पाव टाकणाऱ्या पाहुण्यांना मात्र आवरणं अजून जमायचंय. चांगली माणसंही ऐकत नाहीत हो!

पिल्लांना नुसतं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य दिलं तर नायसिन (ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार) कमी पडून पाय वाकू शकतात, म्हणून मिसळायला ब्रूअर्स यीस्ट आणून ठेवलं आहे. पिल्लं निघाली की फोन करतो.

आपली,
येऊरची मंडळी